अर्लीनच्या फोटोला घातलेला हार

एक गोष्ट आहे. आईला सांगितलेली नाही, रूममेटला नाही, चळवळीतल्या कुणाला तर नाहीच नाही. तुला सांगते. मध्येच उठून जावंसं वाटलं तर जा — मी थांबवणार नाही.

मी पत्रकं लिहिते, हे तुला ठाऊक आहे. नागपूरला कॉलेजात असताना शिकले, मेश्रामदादांच्या हाताखाली. दादा लाल पेन घेऊन बसायचे आणि आमचा प्रत्येक 'बहुतेक', प्रत्येक 'कदाचित' खोडायचे. "शंका घरी ठेवून येत जा गं. वाचणारा चौकात उभा आहे, त्याला बस पकडायचीय." पुढे अमेरिकेत, शिकागोजवळ शॉमबर्गला आले, विमा कंपनीत लागले, तरी ती सवय बोटांत राहिली. — नाही, थांब. दादांवर ढकलत नाहीये. इथे खोडणारा हात माझाच होता.

ऑफिसजवळच्या जुन्या सामानाच्या दुकानात मला एक रेकॉर्ड सापडली. बशीएवढी, एका बाजूला एकच गाणं मावणारी. सोल संगीत — शिकागोतल्या काळ्या लोकांच्या वस्त्यांतल्या चर्चमध्ये घडलेल्या गळ्यांचं गाणं. गायिकेचं नाव अर्लीन. पाकिटात तिचा घडी पडलेला फोटो: उंच केस, चकचकीत झगा, आणि कॅमेऱ्याकडे असं बघणं की जणू फोटोवाल्याला उशीर झालाय. दुकानदाराने ती लावली. मी वापरलेल्या टोस्टरांच्या रांगेत उभी राहून ऐकली. दाराशी उभी असलेली बाई परतून आलेल्या माणसाला आत घेत नाही — एवढंच गाणं. पण शेवटच्या ओळीला तिचा आवाज फाटतो, आणि ती तो सावरत नाही, फाटू देते.

मला वाटलं, ही आमचीच. आमच्या वस्त्यांतल्या गाणाऱ्या बाया अशाच गेल्या ना? आवाज त्यांचा, कॅसेटवर नाव कुणा भलत्याचंच?

ते गाणं नेटवर कुठेच नव्हतं. जुन्या रेकॉर्डी जमवणाऱ्या तिघांना मेल केले. एकाचं उत्तर आलं — वारली असावी बहुतेक, खात्री नाही.

मी पत्रकात काय लिहिलं, सांगू? 'अर्लीन भाड्याच्या खोलीत, एकटी, औषधाविना वारली. ती गात होती हे शेजाऱ्यांनाही माहीत नव्हतं.' खोली कुठून आली? शेजारी कुठून आले? औषध? मला तिचं मरण हवं होतं. जिवंत म्हातारीसाठी कोण पेटून उठतं?

एप्रिलच्या जयंतीला शाळेचा हॉल घेतला होता. वासनिक काका, आमचे सगळे कार्यक्रम तेच उभे करतात, सकाळीच डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी बाजारातून झेंडूचे हार घेऊन आले. निळं कापड घातलेल्या टेबलावर आपल्या माणसांचे फोटो, आणि शेवटी अर्लीनचा. मी स्वतः त्याला हार घातला. मेणबत्ती लावली. वंदना झाली, दोन मिनिटं उभं राहून आदरांजली झाली, मग ते गाणं. बायका रडल्या. काका म्हणाले, "पोरी, काय लिहिलंस गं! अंगावर काटा आला." मला आवडलं ते. खूप आवडलं.

पत्रक मराठीत होतं, व्हॉट्सॲपवरून नागपूर, पुणे फिरलं. मला बोलवायला लागले. न्यू जर्सीला वेस्ट विंडसरमध्ये बोलले, ऑनलाइन तर किती सभा. प्रत्येक ठिकाणी ती रेकॉर्ड उंच धरायची आणि विचारायची: हिला कुणी मारलं?

जूनमध्ये ऑफिसच्या पार्किंगमध्ये, गाडीत डबा खात असताना, फोन आला. कुणीतरी त्या टेबलाचा फोटो अर्लीनच्या नावासकट नेटवर टाकला होता, पत्रकही जोडलं होतं. मराठी वाचता येत नसलं तरी खाली छापलेला माझा नंबर कुणालाही वाचता येतो. फोनवर डेनीस नावाची बाई. अर्लीनची मुलगी.

"माझ्या मम्माला फुलं वाहणारी तूच का? काय सुंदर केलंयस, हनी! कुठली फुलं ही?"

आणि तिच्या मागून एक खरखरीत आवाज: "तिला विचार, मेणबत्ती कशाला? माझा वाढदिवस आहे का? आणि केक कुठंय?" मग हसणं. तेच — फाटू दिलेलं.

हार घातलेला फोटो बघितला की आपल्याकडे पोरालाही कळतं माणूस गेलं म्हणून. त्यांना तो सत्कार वाटला. डेनीसने विचारलं, "खाली एवढं काय लिहिलंय? वाचून दाखव ना मम्माला." मी म्हणाले, "लिहिलंय की त्या फार मोठ्या गायिका आहेत, आणि जगाने त्यांना विसरायला नको होतं." डेनीसने ते तिला मोठ्याने सांगितलं. मग म्हातारी म्हणाली, "बघ. मी काय म्हणत होते तुला?"

तेव्हाच सांगायचं होतं ना? नाही सांगितलं.

त्यांच्या तळघरात पाणी शिरलं होतं एकदा, त्यात तिची रेकॉर्ड गेली होती. स्वतःचा आवाज तिने कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. "छाती कमजोर झालीय तिची," डेनीस हळूच म्हणाली. "एकदा घेऊन येशील? साउथ साइडला आहोत आम्ही, तुझ्याकडून तासाभराचं ड्राइव्ह." मी म्हटलं, शनिवारी येते.

गेले नाही. गेले असते तर डेनीसने आम्हा दोघींचा फोटो काढला असता. तो पोस्ट झाला असता. मग काका, मग नागपूर, मग दादा. मेलेली बाई सोफ्यावर बसून हसतेय, आणि शेजारी मी. पोस्टाने पाठवता आली असती? आली असती. फोनवर रेकॉर्ड करून पाठवायला तीन मिनिटं लागली असती. पण मला त्यांच्याशी कुठलाच धागा नको होता. आणि रेकॉर्ड मला सभांना लागत होती — हेही आहेच.

डेनीसचे मेसेज आले. आधी 'बिझी असशील, समजतं'. मग 'मम्मा विचारतेय, फुलांवाली मुलगी कधी येणार'. मग मी तिचा नंबर ब्लॉक केला. त्याच आठवड्यात 'आमचा आवाज कोण दाबतं?' या विषयावर मी भाषण केलं. टाळ्या पडल्या.

जानेवारीत मेल आला. पत्ता तिने कुठून शोधला, माहीत नाही. अर्लीन घरीच गेली, तिच्या स्वतःच्या पलंगावर. डेनीस उशाशी होती, नातवंडं होती, चर्चमधल्या बायका गात होत्या. एका शब्दाची तक्रार नाही. फक्त एवढंच — शुक्रवारी चर्चमध्ये अंत्यविधीची सर्व्हिस आहे, रेकॉर्ड दिलीस तर निदान तिथे वाजवू, लगेच परत करू.

मेल वाचून मला काय वाटलं, ते सांगण्यासाठी हे सगळं बोलतेय. मला हलकं वाटलं. माझं पत्रक आता खोटं राहिलं नाही, असं वाटलं. खुर्चीला टेकून मी सुस्कारा सोडला, आणि ऑफिसातल्या शेजारच्या टेबलावरच्या मुलीने विचारलं, "गुड न्यूज?"

मी मान डोलावली.

मेलला उत्तर दिलं नाही. शुक्रवार आला आणि गेला. मार्चमध्ये वासनिक काकांनी विचारलं, "जयंतीसाठी ते पत्रक पुन्हा काढायचं ना? काही दुरुस्ती?" डेनीस उशाशी होती, हे मला माहीत होतं. 'एकटी' हा शब्द माझ्यासमोर स्क्रीनवर होता.

मी म्हणाले, "नाही काका. आहे तसंच छापा."