काठोकाठ भरलेला कप

भित्तिपत्रक वाचणाऱ्या दोस्तांनो, आज माझी कविता नाई. सकाळी जे झालं तेच लिहून लावून राह्यलो.

माझा दोस्त वसंता अरबांच्या मुलखात, बसऱ्याले नोकरी करून बल्लारपूरले परत आला. जाताना म्हणाला होता, "पैसे जमवून येतो, मंग आपण दोघं मासिक काढू." त्या भरवशावर मी चालून आलेली मास्तरकी नाकारली.

आज त्याच्या घरी गेलो. त्यानं तिकडची कडू कॉफी केली आन् बिनकानाच्या इवल्याशा कपात घोटभर ओतली.

"एवढीशीच काऊन बे? कंजूस झाला का तिकडे?"

"अबे, तिकडे अशीच देतात. पाहुणा बसावा म्हणून थोडी थोडी. कप काठोकाठ भरला, म्हणजे पी आन् ऊठ. तोंडानं कोणी जा म्हणत नाई."

दोघंही हसलो. मंग मी मासिकाचं काढलं. ठरवून ठेवलेलं नावही सांगितलं.

वसंतानं माझा कप ओढला आन् काठोकाठ भरला.

मी पेलो आन् उठलो.

तुम्हीच सांगा, त्यानं तोंडानं नाई म्हटलं असतं, तर मले भांडता तरी आलं असतं ना?