नागपूरहून जिवंत आलेला भाऊ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला थोडं माहीत होतं — थोडंच. बाकीचं इतकी वर्षं मुठीत आवळून धरलं, आणि आता सांगायला बसलो तर सुरुवात कुठून करावी तेच कळत नाही. भावापासून करू? व्याह्यांपासून? की माझ्यापासूनच — खोट माझीच आहे तर?

भावापासून करतो. ते सोपं आहे, कारण तो भला माणूस होता.

दादा माझ्याहून मोठा. आमचं गाव खामगावच्या अलीकडे, सगळं कपाशीचं रान. शेत दादा पाहायचा. बाजार, कचेरी, सोयरिकी, जिथं म्हणून बोलायचं काम ते माझ्याकडे. मला बोलता यायचं ना! गावात माझ्या शब्दाला मान होता, आणि तो मान मला गुळासारखा गोड लागायचा. वहिनी गेल्या तेव्हा गोदा, त्यांची एकुलती एक पोर, अगदी लहान होती. दादानं दुसरं लग्न केलं नाही. पोरीची वेणीसुद्धा तोच घालायचा, वेडीवाकडी.

दादाला तंबाखूची सवय. कुणाला नव्हती? तळहातावर चुना घालून मळायची आणि खालच्या ओठात धरून ठेवायची. ओठाला फोड आली की आमच्याकडे म्हणायचे, चुन्यानं पोळलं. तूप लावायचं आणि विसरून जायचं. दादाची फोड मात्र भरेना. कडक झाली. खपली धरायची, निघाली की रक्त यायचं. खामगावच्या डॉक्टरांनी बोटानं दाबून पाहिलं आणि ताबडतोब नागपूरला न्या म्हणाले. तेव्हा आमचा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला. मोठा दवाखाना म्हटलं की नागपूर. मी घेऊन गेलो. तिथले डॉक्टर म्हणाले, कॅन्सर आहे, पण लवकर आणलंत; तेवढा ओठ कापून काढू, माणूस जगेल.

मी मान हलवली. विश्वास मात्र ठेवला नाही. चाकू लागलेला माणूस तिथून घरी येतो, हे आमच्याकडे कुणी पाहिलं होतं?

कपाशीची वेचणी तोंडावर आलेली, म्हणून दादाला तिथंच ठेवून मी परतलो. आणि नेमके तेव्हाच जळगाव जामोदकडून गोदाला पाहायला पाहुणे आले. मुलाचे वडील उत्तमराव — सातपुड्याच्या पायथ्याशी ओलिताची जमीन, मोकळा स्वभाव, मुलगा शिकलेला. असं स्थळ आपल्या पायानं दारात येतं का कधी? पोर पसंत पडली, पानसुपारी फिरली, आणि उत्तमरावांनी सहज विचारलं, "पोरीचे वडील कोठी हायेत?"

काय सांगायला हवं होतं ते तुम्हालाही कळतं, मलाही तेव्हा कळत होतं. पण आमच्या भागात माणसाचं तोंड झडतंय म्हटलं की लोक एकच नाव घ्यायचे — महारोग. ते नाव एकदा घरावर पडलं असतं तर हेच काय, पोरीचं पुढचं कुठलंच स्थळ जुळलं नसतं. हे सगळं माझ्या डोक्यात त्या वेळी आलं, की नंतर स्वतःला सांगायला मी जुळवलं? आता खरंच सांगता येत नाही.

मी म्हणालो, "वारले. नागपूरले, दवाखान्यात."

आणि वर मला रडूही आलं हो! डोळ्यांत पाणी उभं राहिलं. उत्तमरावांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. दादा तेव्हा नागपूरला खाटेवर पडून कापसाच्या बोळ्यानं दूध चोखत असेल, आणि मी इथं त्याच्या मरणाचं सांत्वन करून घेत होतो. मला त्याची लाज वाटते — वेळ मारून नेली त्याहूनही त्या पाण्याची जास्त.

दादा परत आला. चांगला, चालत, स्टेशनवरून स्वतःची वळकटी घेऊन. खालचा ओठ मधून काढून दोन्ही बाजू ओढून शिवल्या होत्या, त्यामुळे तोंड पिशवीसारखं आक्रसलं होतं. प, ब, म नीट उमटत नव्हते. पाणी प्यायला मान वर करावी लागे. पण रोग गेला होता. डॉक्टरांनी गळ्याच्या दोन्ही बाजू चाचपून सांगितलं होतं, काही नाही.

मी त्याला सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. मग एवढंच विचारलं, "पोरगा चांगला हाय ना?" मी हो म्हणालो. "मंग होऊ दे."

तो रागावला असता तर! पण त्यानं मला तेवढाही आधार दिला नाही.

लग्न मी मुद्दाम मुलाच्या घरी मागून घेतलं. मधे पूर्णा नदी, आमच्याकडची मोजकीच माणसं, आणि त्यांना मी गळ घातली होती — पोरीच्या भल्यासाठी गप्प राहा. राहिले बिचारे. गोदाला मेलेल्या आईची शपथ घातली. सागरगोटे खेळायच्या वयाची पोर. तिला काय कळलं असेल? एवढंच कळलं असेल की आजपासून आपल्या बापाला बाप म्हणायचं नाही.

दादा आला — गाडी हाकत. उपरण्याचं टोक तोंडावरून घेतलेलं. मांडवाच्या दारात उत्तमरावांनी विचारलं, हे कोण? मी म्हणालो, आमचा गडी आहे, फार जुना. कन्यादान मी केलं. सगळ्यांचे आहेर झाल्यावर उत्तमरावांनी गाडीवानांना पागोटी वाटली, त्यातलं एक दादाला दिलं. त्यानं दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावलं. आम्ही निघताना गोदा सगळ्या वडीलधाऱ्यांच्या पाया पडली. गाड्यांपाशी आली आणि बैलांच्या गळ्यात पडून रडली. बायका म्हणाल्या, माहेरच्या बैलांचासुद्धा किती लळा आहे बाई पोरीला.

तुम्हाला वाटेल, हाच तो कबुलीजबाब. मलाही पुष्कळ दिवस असंच वाटत होतं, की एवढंच कबूल केलं तर सुटेन. नाही. अजून आहे.

दादा जगला. दरवर्षी नागपूरला दाखवून यायचा आणि हसत परतायचा. गोदाला लेकरं झाली. तिला आणायला-पोचवायला मी जायचो तेव्हा गाडी दादाच हाकायचा. तेवढंच त्याला पोरीचं दर्शन. अशाच एका संक्रांतीला गेलो होतो. दादानं बाहेर निंबाखाली बैल सोडले. मी आत बैठकीत. उत्तमरावांनी खालचा ओठ बोटानं उलटा करून मला दाखवला.

"चुन्यानं पोळलं वाटते. पोळ्यापासून भरून नाई राह्यलं."

मी पाहिलं. तीच कडा, तीच खपली, तीच जागा. मी ती फोड रोज सकाळी दादाच्या तोंडावर पाहिली होती. ओळखायला काय लागतं? कसंबसं म्हणालो, नागपूरला दाखवून या एकदा.

ते हसले. चिडले नाहीत, कीव आल्यासारखे हसले. म्हणाले, "तुमचे दादा तठीच गेले अन् वारले ना? मंग मले काऊन धाडता?"

दार उघडं होतं. दारातून निंबाची सावली दिसत होती, आणि त्या सावलीत माझा मेलेला भाऊ भाकरीचे तुकडे ताकात भिजवून खात बसला होता. एक हाक मारायची होती. दादा, आत ये. एवढंच. पुढं मला काही बोलावंसुद्धा लागलं नसतं.

गोदाच्या संसारासाठी गप्प राहिलो म्हणू? दोन लेकरांची आई. तिला कोण हाकलणार होतं? उत्तमरावांनी माझ्या थोबाडीत मारली असती, चार लोकांत माझी छी-थू झाली असती, आणि मग त्यांनी गाडी जुंपून स्टेशन गाठलं असतं. मला भीती माझ्या शब्दाची होती. ज्या तोंडानं मी रडून दाखवलं होतं, त्या तोंडाची.

मी म्हणालो, "तूप लावत जा. चुना कमी घ्या."

वर्ष-दीड वर्षात फोडीनं निम्मा ओठ खाल्ला, मानेत गाठी आल्या. मुलानं अकोल्याला नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, फार उशीर झाला. शेवटी गोदा त्यांना चमच्यानं पेज भरवायची. मी भेटायला जायचो. ते माझा हात धरून ठेवायचे, बोलता येत नसे म्हणून. गोदानं मला काही विचारलं नाही. तिच्या तोंडाला कुलूप मीच घातलेलं होतं.

उत्तमरावांच्या तेराव्याला दादानंच मला नेलं. मी आत होतो तोवर अंगणात गाडीवाल्यांच्या गप्पांत त्याला कळलं, रोग कोणता आणि सुरू कसा झाला. तोवर तो समजत होता, पोटाचं काही दुखणं असेल. मीच तसं सांगितलं होतं. परतताना पूर्णा ओलांडली आणि त्यानं बैल थांबवले.

"तुले ठाऊक होतं?"

मी हो म्हणालो. उत्तमरावांच्या दुखण्याबद्दल त्याच्याशी खरं बोललो ते तेव्हाच.

त्यानं कासरा हाताला गुंडाळून घेतला. मग त्या फाटक्या, पुसट उच्चारात म्हणाला, "मले आत बोलवायचं होतं बे. त्यायनं मले पाह्यलं असतं."

त्यानं बैल हाकले. त्यानंतर दादा पुष्कळ जगला, आणि हा विषय त्यानं पुन्हा काढला नाही. उत्तमराव रोगानं गेले, असं जळगावकडे सगळे सांगतात. कुणी विचारलं तर मीही तसंच सांगत आलोय.