तापली की गुदमरणारी गाडी

ट्रक ओळखायला मिस्त्रीला नंबर पाहावा लागला नाही. रंग नवा, मालक नवा. पण तीन वर्षांपूर्वी चढावरून मागे घरंगळत दरीत गेलेली आपल्या दादाची गाडी माणूस विसरेल कसा? दादा तिच्यातच गेला; गाडी मात्र वर काढून, ठोकठाक करून विकली गेली. डुलकी लागली असणार, असं सगळे म्हणाले, आणि सगळ्यांत आधी म्हणाला तो हा मिस्त्रीच.

"थंड असताना वाघ आहे," नवा ड्रायव्हर सांगत होता. "तासभर चालली, तापली, की चढाला गुदमरते. तीन गॅरेजं झाली. सगळ्यांनी हात टेकले."

जाण्याच्या आदल्या दिवशी दादाही हेच सांगत आला होता. मिस्त्रीनं थंड इंजिनाला दोन मिनिटं कान लावला आणि "तुझं आपलं काहीतरीच" म्हणून त्याला वाटेला लावलं. दादा खरंच झोपला, की गाडीनं दगा दिला, हा प्रश्न तेव्हापासून त्याला खात होता. आता मिस्त्री कुठलीही गाडी तापवून पाहिल्याशिवाय सोडत नाही. गिऱ्हाइकं कंटाळून शिव्या घालतात, ती निमूट ऐकतो.

माल भरलेलाच होता. ड्रायव्हरला शेजारी बसवून तो दादाच्या सीटवर बसला. तासाभरानं चढाला इंजिन आचके देऊ लागलं. स्टिअरिंगवरचे हात आपले नाहीत, दादाचे आहेत, असं त्याला वाटलं आणि तो भयंकर घाबरला. त्यानं करकचून हँडब्रेक ओढला.

मग चाकांमागे दगड लावून तो कामाला लागला. फिल्टर स्वच्छ होता, डिझेलच्या पंपात हवा अडकलेली नव्हती. त्यानं टाकीकडून येणारा पाइप सोडवला आणि कॅनमधलं डिझेल दुसऱ्या नळीनं थेट पंपाला दिलं. तेच तापलेलं इंजिन चटकन सुरू झालं आणि एका लयीत चालत राहिलं.

सोडवलेला पाइप वरून धडधाकट होता. त्यानं तो उभा चिरला. आतलं रबर डिझेलनं फुगून लिबलिबीत झालं होतं. तापलं की चिकटून वाट बंद, गार झालं की पुन्हा मोकळी. पाण्याचा पाइप होता तो. डिझेलचा हाताशी नव्हता, म्हणून "चार दिवस ढकल" असं सांगत दादाच्या गाडीला त्यानंच बसवला होता. बदलायचं साफ राहून गेलं.

दुपारी तो वहिनीच्या दारात गेला. निदान दादावरचा ठपका तरी पुसला जाईल, असं त्याला वाटत होतं.

"वहिनी, दादाला डुलकी लागली नव्हती. चढावर गाडी बंद पडली, मग ब्रेकही धरेना, आणि ते माझ्यामुळे. वाट्टेल ते बोला मला."

वहिनी कपडे वाळत घालत होती. हातातलं ओलं कापड पिळत राहिली.

"म्हणजे हे जागे होते?"

"हो."

"अगदी खाली पडेपर्यंत?"

मिस्त्रीनं दाखवायला आणलेला चिरलेला पाइप पाठीमागे लपवला.

"झोपेत गेले, त्यांना काही कळलंच नसेल," ती म्हणाली, "एवढ्यावरच दिवस काढत होते हो मी, भाऊजी."