कर्म नसलेलं क्रियापद

मी शाळेत इंग्रजी शिकवते. क्रियापद समजावताना मुलांना विचारते, काय? कोणाला? उत्तर मिळालं तर ते कर्म. ‘अ‍ॅडजस्ट’ हे क्रियापद मात्र मी फळ्यावर लिहीत नाही. मला त्याची शिसारी येते.

मूळ त्याचं लॅटिनमधलं, जवळ आणणे एवढा साधा अर्थ. पुढे ‘न्याय्य’ अशा अर्थाच्या शब्दाशी त्याची गल्लत झाली म्हणे. म्हणजे न्याय त्यात शिरला तोही चुकून! इंग्रजीत लोक खुर्ची अ‍ॅडजस्ट करतात, चष्मा करतात. आमच्या रत्नागिरीत सुना अ‍ॅडजस्ट करतात. काय, ते कोणी सांगत नाही.

गेल्या मे महिन्यात माझी धाकटी बहीण सावर्ड्याहून, सासरहून, एक पिशवी घेऊन माहेरी आली. नवरा मारतो, एवढंच म्हणाली. तिला ठेवायचं की परत पाठवायचं, हे ठरवायला पावस गावाहून काका आले. वडील, म्हणजे आमचे अप्पा, त्यांच्याहून थोरले. पण घरातला शेवटचा शब्द नेहमी काकांचा.

आईने त्यांच्यासाठी रस-घावन केलं होतं. नारळाचा गोड रस हनुवटीवरून ओघळत होता आणि त्याच तोंडाने काका बोलत होते.

“अगो, संसार म्हटला की थोडं अ‍ॅडजस्ट करायचं असतं. तो काय रोज मारतो?”

“सगळ्याच करतात अ‍ॅडजस्ट,” आई म्हणाली. आईला इंग्रजीचा गंध नाही, पण हा शब्द पाठ.

मराठीत शब्द नाहीत का? सोस, पडतं घे, तोंड दाबून बुक्क्यांचा मार खा. पण ते उच्चारायचे तर आपण काय बोलतोय ते आपल्यालाच ऐकू येतं. म्हणून ही इस्त्रीची इंग्रजी. लाज म्हणून नाही या माणसांना.

बहिणीने मान वळवून उजवा कान पुढे केला. “काय म्हणालात काका? डाव्या कानाने ऐकू येत नाही मला. शिमग्यात मारलंन, तेव्हापासून.”

हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. आईच्या हातातला रस वाढायचा डाव तसाच राहिला. काकांनी तोंडातला घास गिळला आणि आवाज चढवून म्हणाले, “अ‍ॅडजस्ट कर, म्हटलं!”

“मराठीत सांगा.”

“म्हणजे... जरा जुळवून घ्यायचं.”

“कशाशी?”

काका अप्पांकडे बघायला लागले. अप्पा इतका वेळ खाली मान घालून बसले होते.

“मार खा, असं म्हणतोय तो,” अप्पा म्हणाले.

“दादा, काहीतरीच काय! मी असं म्हटलं?”

“म्हटलंस. मीही म्हणत आलो, फोनवर, दर वेळी.”

काकांनी ताट सरकवलं. त्यांना वाईट वाटलं होतं, पण ते अप्पांच्या बोलण्याचं. कानाचं नव्हे.

अप्पा उठले, बहिणीजवळ जाऊन बसले. “तू परत जायचं नाहीस,” ते हळूच म्हणाले. तिने नुसतंच त्यांच्याकडे पाहिलं. ते तिच्या डाव्या बाजूला बसले होते. उठून दुसऱ्या बाजूला आले आणि तेच पुन्हा, मोठ्याने म्हणाले.