दुबईला निघालेली भेंडी

आमच्या हिच्या मामांनी नुसता हात लावला तरी वस्तू महाग व्हायची. असा माणूस उभ्या ठाणे जिल्ह्यात दुसरा नसेल. नव्वद सालाच्या आसपास वागळे इस्टेटमधली कायमची नोकरी सोडून त्यांनी मुरबाडची भेंडी दुबईला पाठवायचं काढलं, आणि तेव्हापासून त्यांच्या डोंबिवलीच्या घरात सुखाने घास म्हणून उतरेना. मामींनी ताटात भाकरी वाढली की हे सुरू, "हीच भाकरी दुबईला न्यायची म्हटलं तर केवढ्याला पडेल, बोला!" मग हमाली, टेम्पो, खोकी, कीड नसल्याचा दाखला, विमानाचं भाडं, तिथलं कस्टम असं एकेक चढवत भाकरीला सोन्याचा भाव येईपर्यंत आमचं पिठलं गार. "आणि ह्यात शेतकऱ्याला काय मिळतं हो?" मी एकदा विचारलं. "समाधान," मामा म्हणाले आणि पुढचा खर्च मोजू लागले.

नमुने पाठवायच्या दिवसांत तर त्यांनी अख्खी बिल्डिंग छळली. भेंडी बोटाएवढीच हवी, म्हणून रविवारी कळव्याहून जेवायला गेलो की आधी माझ्या हातात पट्टी यायची. जावई म्हणून मान एवढाच, की माझी पट्टी स्टीलची. वाकडी आणि जून निघालेली भेंडी शेजारी वाटली जायची. शेवटी शेवटी मामांची चाहूल लागली की लोक दारं लावून घेत. खालच्या काकू तर तोंडावर म्हणाल्या, "अहो, तुमच्या त्या दुबईवाल्याला जरा वाकडं खायची सवय लावा की!"

अखेर दुबईच्या व्यापाऱ्याने पहिली खरी ऑर्डर दिली. माल पसंत पडला तर दर आठवड्याला घेईन, नाहीतर रामराम, असं त्याने फोनवर स्वच्छ सांगितलं. त्या दिवशी मामांचा आवाज पहिल्यांदाच खाली आलेला ऐकला. "हा माल लागला तर तरलो, जावईबापू. नाहीतर पन्नाशीत मला कोण दारात उभं करतंय?"

खोकी घरीच भरून माल गेला. विमानतळावर वजन जास्त भरलं, भाडंही जास्त पडलं. का, ते मामांना कळेना. मग दुबईहून फोन आला. भेंडी काळी पडून चिकट झाली होती, आणि रामराम.

त्या रविवारी मामा ताटावर नुसते बसून होते. मामी कळवळून म्हणाल्या, "असं कसं हो झालं? एवढा लांबचा प्रवास, सुकेल बिचारी, म्हणून मी टेम्पो यायच्या आधी खोकी उघडून चांगला पाण्याचा हबका मारला होता!"

माझा घास हातातच राहिला. सुतळीच्या तुकड्यावरून हमालाशी तासभर भांडणारा हा माणूस आता काय बोलतो म्हणून मी डोळे मिटून घेतले.

"विमान लेट झालं गं," मामा म्हणाले. "उन्हात पडून राहिला माल."

मला पोचवायला ते खाली आले आणि जिन्यात थांबून खुसखुसले. "डोंबिवलीत नळाला पाणी नाही, जावईबापू, आणि मी भाडं भरून दुबईला पाठवलं!" मग हसू ओसरलं. "तिला बोलू नका हं. ते पाणी तिने खालून बादलीने वर चढवलं होतं."

पुढे मामा कल्याणच्या मार्केटात दुसऱ्याच्या गाळ्यावर बसू लागले. मामी अजून कोणी आलं-गेलं की त्या मेल्या विमानाला मनसोक्त शिव्या घालतात. शेजारी बसलेले मामा म्हणतात, "खरंय, फारच उशीर केला त्याने." तेव्हा त्यांच्याइतका प्रेमळ माणूस मला दुसरा दिसत नाही.