ढाणकीच्या रस्त्यावरचं भजन

देवघरातलं निर्माल्य आज काढलं तरी उद्या पुन्हा साचतंच. आमच्या ऑटोतल्या गोष्टींचं अगदी तसंच आहे. दर शुक्रवारी आम्ही भजनी मंडळाच्या बाया गजूच्या ऑटोत दाटीवाटीने बसून ढाणकीला देवीच्या देवळात जातो. गावापासून ढाणकीपर्यंत खड्डेच खड्डे. जाताना एक किस्सा होतो, येताना दुसरा. कुठे ठेवायचे इतके? म्हणून थोडे इथे ठेवते.

त्यातही आमच्या मंदाताईंचा जीव या रस्त्यात फार अडकलेला. त्यांची लेक अश्विनी उमरखेडला दिलेली, तिथून यायचं ते याच रस्त्याने. पहिलटकरीण. बाळंतपणाला माहेरी यायची तिला आस, आणि विहीणबाईंचा एकच हेका, "रस्ता झाला की पाठवतो!"

* * *

मला दुसरं काय येतं? मी रस्ता होईपर्यंत देवीच्या नावाने साखर खाणं सोडलं.

आमच्या ह्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "रस्ता होईलोक?"

"हो."

"मंग चांगलंच झालं. तुले आता जन्मात शुगर होत नाही!"

* * *

पेट्रोलवरचा कर पुन्हा वाढला, त्या शुक्रवारी गजूने भाडं वाढवलं. तांड्यावरच्या जमनाबाई आमच्या मंडळात टाळ वाजवतात, आणि टाळापेक्षा त्यांचं तोंड खणखणीत.

"काहून रे वाढवलं?"

"मावशी, सरकारनं कर वाढवला. रस्त्यासाठी."

जमनाबाईंनी डोकं बाहेर काढून खाली पाहिलं. "कोणत्या? हा तं नव्हे ना?"

"कोणत्या ते सांगत नाहीत."

"याडी! माय वं! आपण नवस बोलतो तं देवीचं नाव तरी घेतो बापा. हे सरकारवाले तं नाव न सांगताच 'पैसे टाका' म्हणून राह्यले!"

* * *

गजूचं गणित वेगळंच. तो म्हणाला, "मावशी, खड्ड्यात गाडी जास्त पेट्रोल पिते. पेट्रोल जास्त तं कर जास्त. चांगल्या रस्त्यावर सरकारले काय भेटते?"

मी भाबडेपणाने म्हटलं, "अरे, पण त्याच करातून खड्डे बुजवतील ना?"

जमनाबाई माझ्याकडे दयेने बघत राहिल्या. "काय भोळी हो तुम्ही, ताई! खड्डा कमावता हाय. कमावत्या पोराले कोणी घरातून हाकलते का?"

* * *

पंपावर एक मोठं बॅनर लागलंय. हसरे पुढारी, आणि त्यांच्या मागे काचेसारखा गुळगुळीत रस्ता. मंदाताई किती तरी वेळ बघत होत्या. शेवटी पंपावरच्या माणसाला म्हणाल्या, "भाऊ, हा रस्ता कुठला हो?"

"काकू, फोटो हाय तो. इकडचा नाही. मीटरवर जीरो पाहा."

मंदाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. माझे हात आपोआप जोडले गेले. रस्त्याला! पुढारी मध्ये उभे होते, त्याला माझा इलाज नाही.

* * *

मग देवीने ऐकलं असं वाटलं. गावात मोठे साहेब कशाच्या तरी उद्घाटनाला येणार होते. रातोरात डांबर पडलं! मी साखरेच्या डब्याचं झाकणही उघडलं.

शुक्रवारी बघतो तो काय, डांबर एकाच बाजूला. ढाणकीकडून गावाकडे येणाऱ्या.

"साहेब येतील या बाजूनं," गजूने समजावलं. "जातील दुसऱ्याच गावाकडून."

जमनाबाईंनी टाळ पिशवीत टाकले. "मंग आपलं बरं हाय. जाताना देव आठवायचा, येताना सरकार!"

महिन्याभरात गिट्टी वर आली आणि दोन्ही बाजू सारख्या झाल्या. साहेबांच्या भाषणातली समता ती हीच असावी. मी डब्याचं झाकण लावलं.

* * *

घरी सराव करायला वेळ कुणाला? आम्ही ऑटोतच म्हणतो. नाल्याजवळच्या मोठ्या खड्ड्यावर बरोब्बर "जय जगदंबे" येतं, बाभळीपाशी लागोपाठच्या खड्ड्यांवर टाळ्या. असं सगळं अंगात बसलंय.

एकदा देवळातले महाराज भजन संपल्यावर हळूच म्हणाले, "ताई, म्हणता फार गोड. पण दर 'जय'ला सगळ्या बसल्या जागी उडता कायले?"

* * *

आता हा परवाचा. विहीणबाईंचा फोन आला, "मी स्वतः येतो, रस्ता पाहतो, मंगच काय ते बोलू." मंदाताईंच्या हातातली चाळणी तिथेच राहिली. तिकडे अश्विनीचं आईला रोज एकच विचारणं, "कधी नेतं वं?"

गजू म्हणाला, "अश्विनीताईले मी कासवाच्या चालीनं आणतो, मावशी. तुम्ही फक्त त्यायच्याकडून हो म्हणवून घ्या."

शुक्रवारी देवळातून निघताना ढाणकीच्या स्टँडवर विहीणबाईंना घेतलं. जाडजूड, शिस्तीच्या बाई. त्यांना मध्ये बसवलं. आज हळू गेलो असतो तर त्यांनी एकेक खड्डा मोजला असता, म्हणून गजूने नेहमीचाच वेग धरला. मंदाताईंनी माझा हात घट्ट पकडला होता.

बाभळी दिसायला लागल्या. जमनाबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी देवीचं नाव घेतलं आणि भजनाला सुरुवात केली.

काय रंगलं हो! टाळ्या जागच्या जागी, उड्या जागच्या जागी. विहीणबाई आधी दांडा धरून होत्या. मग त्यांनी दांडा सोडला, पदर खोचला आणि टाळ्या धरल्या. नाल्याजवळ "जय जगदंबे"ला आम्ही सगळ्या अशा उडालो की त्यांचं डोकं टपाला लागलं. तरी त्यांनीच पुन्हा "जय!" म्हटलं.

गावात उतरल्या तेव्हा अंबाडा सुटलेला, कुंकू कपाळभर. धापा टाकत त्यांनी मागे वळून रस्त्याकडे पाहिलं.

"रस्ता तं बरा हाय की वो! लोकं उगाच बदनाम करतात. येत्या शुक्रवारी या, अन् घेऊन जा पोरीले."

मंदाताई वाकून पायाच पडल्या. विहीणबाईंनी त्यांना उठवलं आणि आम्हा सगळ्यांकडे बोट दाखवून दम भरला,

"पण तिले आणसान त्या दिवशी गाडीत हे भजन नाही म्हणायचं! गर्भार बाईले एवढे हिसके सोसत नाहीत!"