व्लास्ताची वच्छला

शिरपूरच्या सूतगिरणीत परदेशी यंत्रं आली ती १९८६ च्या फेब्रुवारीत. यंत्रांच्या मागोमाग ती बसवून देणारा माणूस आला. यारोस्लाव त्याचं नाव. चेकोस्लोव्हाकियातला फिटर, उंच, अबोल, कामाचा पक्का. त्याच्याबरोबर त्याची बायको व्लास्ता होती. गिरणीने त्यांना गावाबाहेरच्या नव्या प्लॉटांत दोन खोल्यांचं घर भाड्याने घेऊन दिलं. त्याला लागूनच कमलबाई बैसाण्यांचं घर.

कमलबाई तेव्हा अडतीस वर्षांच्या होत्या. साडेचार किलोमीटरवरच्या एका पाड्यावर त्या अंगणवाडी चालवत आणि रोज पायी जात-येत. त्यांचे यजमान लीलाधर एस.टी.त कंडक्टर, धुळ्याच्या फेऱ्या करणारे. एकुलती मुलगी लग्न होऊन पारोळ्याला गेलेली. घरात दोघंच, आणि दोघंही दिवसभर बाहेर.

नवे शेजारी आले त्याच्या दुसऱ्याच सकाळी कमलबाईंच्या नळाची धार करंगळीएवढी झाली. पलीकडे पाहतात तर शेजारचा नळ भसाभसा वाहतोय, पाणी गटारात चाललंय, आणि दारात ती गोरी बाई एक छोटी किटली भरून समाधानाने उभी आहे. तिच्या गावी नळ फिरवला की पाणी यायचं, दिवसभर. इथे ते पाऊण तासात जाणार हे तिला कोण सांगणार?

कमलबाई आपलं पिंप घेऊनच तिच्या अंगणात शिरल्या. "पानी ऊनं ना, भरी ले," पाणी आलंय तोवर भरून घे, असं त्या म्हणाल्या. तिला अक्षर कळलं नाही. मग त्यांनी पिंप नळाखाली ठेवलं, आभाळात सूर्य जिथवर चढणार होता तिथे बोट दाखवलं आणि हात झटकून 'संपलं' अशी खूण केली. व्लास्ताने घरातली भांडी काढली. पातेली, बादली, शेवटी चहाचे कपसुद्धा. दोघींनी मिळून ती भरली. नळ बंद पडला तेव्हा व्लास्ताने त्याच्याकडे आणि मग कमलबाईंकडे असं पाहिलं, की कमलबाईंना हसू आवरेना.

यारोस्लावला कामापुरतं इंग्रजी येत होतं. व्लास्ताला तेही नाही, आणि कमलबाईंनाही नाही. त्यामुळे दोघींत कुणी कुणापुढे कमी नव्हतं. व्लास्ता हे नाव कमलबाईंच्या तोंडी बसेना. चार दिवसांत त्याचं वच्छला झालं, आणि पुढे सगळ्या गल्लीने तेच धरलं. यारोस्लावचा यारोभाऊ लीलाधरनी केला. वच्छला जी भाषा शिकली ती पुस्तकी मराठी नव्हे, तर कमलबाईंची घरातली अहिराणी. गिरणीच्या कार्यक्रमात चेअरमन साहेबांनी तिला इंग्रजीत खुशाली विचारली, तर ती म्हणाली, "बठ्ठं बेस शे," म्हणजे सगळं छान आहे. मंडपातल्या कामगारांनी टाळ्या वाजवल्या आणि तिला त्याचं कारण कळलं नाही.

स्वयंपाकाचीही अशीच ओळख झाली. एका रविवारी वच्छलाने कणकेचे गोळे फडक्यावर ठेवून वाफवले आणि एक वाटी कमलबाईंकडे आणली. कमलबाईंनी चाखून पाहिलं, आत गेल्या, आणि तुरीच्या डाळीचे वाफवलेले फुनके कढीत घालून तिच्यापुढे ठेवले. वच्छला ते उलटसुलट न्याहाळत बसली. इतक्या लांब येऊन आपल्याच आईचा हात भेटावा असं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर होतं.

त्या फुनक्यांवरून एक गोष्ट घडली. वच्छला वाटी घेऊन घरी चालली होती. समोरच्या सुनंदाबाईंनी तिला फाटकाशी थांबवलं, कमलबाईंच्या घराकडे बोट केलं, मान हलवली, आणि 'खाऊ नको' अशी खूण केली. कमलबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी ते पाहिलं. बैसाणे बौद्ध होते. गल्लीत तोंडावर कुणी काही बोलत नसे, पण सुनंदाबाईंनी आठ वर्षांत त्यांच्या घरचा चहा घेतला नव्हता. दर वेळी त्यांचा 'आत्ताच झालेला' असे.

वच्छलाला वाटलं, तिखट आहे म्हणून ही बाई सावध करतेय. तिने तोंडापुढे हात हलवून 'असू दे' असं दाखवलं, एक अख्खा फुनका तोंडात टाकला आणि हसत वाटी सुनंदाबाईंच्या पुढे केली. सुनंदाबाई दोन पावलं मागे सरल्या आणि घरात गेल्या.

कमलबाई चुलीपाशी जाऊन बसल्या. डोळे भरून आले होते, आणि ते दुःखाने नव्हतं. संध्याकाळी त्यांनी लीलाधरना सांगितलं. ते म्हणाले, "तिला माहीत नाही, कमल."

"माहीत पडलं असतं तरी जेवली असती ती," कमलबाई म्हणाल्या. वच्छलाला त्यांनी यातलं काही समजावून सांगितलं नाही. सांगायला शब्द नव्हते, आणि असते तरी सांगावंसं वाटलं नसतं.

मे महिना आला. खानदेशातलं ऊन इथल्या माणसालाही सोसत नाही, मग तिची काय कथा. एका दुपारी कमलबाई पाड्यावरून परत आल्या तर वच्छला दारापुढच्या ओट्यावर आडवी पडलेली, अंग तापलेलं, बोलणं बरळल्यासारखं. कमलबाईंनी तिला आत ओढत नेलं, ओल्या चादरीत गुंडाळलं, शेजारच्या घरून गिरणीत फोन करवला. डॉक्टर येईपर्यंत त्या वारा घालत राहिल्या. "भिऊ नको, मी शे ना," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. पुढचे आठ दिवस कैरीचं पन्हं, ताक, आणि दारांना ओली पोती. ती बरी झाल्यावर यारोभाऊने कमलबाईंचे दोन्ही हात हातात घेतले आणि तो आपल्या भाषेत बराच वेळ काहीतरी बोलला. तो एरवी इतकं कधी बोलत नसे.

जूनच्या शेवटी ऊन उतरलं तशी वच्छला कमलबाईंबरोबर पाड्यावर निघाली. घरात बसून तिला कंटाळा आला होता. वाटेत तिने पाहिलं, की कमलबाईंच्या एका खांद्यावर मुलांचं वजन करायचा काटा आहे आणि डोक्यावर खाऊचं पोतं. पोहोचेपर्यंत वच्छलाच्या टाचांना फोड आले. ती मुलांत बसून त्यांच्या बोटांवर काहीतरी मोजायला शिकवत राहिली, पण येताना सारखी कमलबाईंच्या खांद्यावरच्या काट्याकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आपली सायकल घेऊन कमलबाईंच्या दारात उभी. यारोभाऊने तिच्यासाठी धुळ्याहून आणलेली, लेडीज, हिरव्या रंगाची. तिने सायकलकडे बोट केलं, मग कमलबाईंकडे.

"मी? ह्या वयात?" कमलबाई म्हणाल्या. "लोक हसतीन."

वच्छलाने 'हसू दे' म्हणून खांदे उडवले.

मार्केट कमिटीच्या पटांगणात कापसाच्या हंगामाशिवाय कुणी नसे. तिथे रोज पहाटे शिकवणी सुरू झाली. वच्छला सीट धरून मागे धावायची आणि ओरडायची, "समोर देख, समोर!" कमलबाई मात्र पायाकडे बघायच्या आणि पडायच्या. तिसऱ्या दिवशी गुडघा फुटला. चौथ्या दिवशी ब्रेक सापडला नाही म्हणून त्या सरळ कडब्याच्या गंजीत घुसल्या. दोघी तिथेच बसून पोट धरून हसल्या. गल्लीतल्या बायका पाणी भरताना विषय काढायच्या. लीलाधर काहीच बोलत नव्हते, आणि कमलबाईंना त्याचीच धास्ती होती.

पाचव्या दिवशी लीलाधरची सुट्टी होती. दुपारी त्यांनी न सांगता सायकल उचलली आणि बाहेर पडले. यांनी ती परत देऊन टाकली असणार, असं धरून कमलबाई तांदूळ निवडत बसल्या. एकेक खडा काढताना त्यांना वाटत होतं, की बरोबरच आहे, आपण उगीच हौस केली. संध्याकाळी लीलाधर आले. सायकलच्या मागच्या चाकाला नवी जाळी बसवलेली होती आणि वजनकाटा बसेल असं रुंद कॅरिअर.

"पदर चाकात जातो," ते म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले.

बाराव्या दिवशी कमलबाई सायकलवरून पाड्यावर गेल्या. पोरं अर्धा कोस धावत सामोरी आली. पाड्यावरचा म्हातारा भिकन झाडाखालून उठला, सायकलभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "बाई, आता उशीर झाला असं म्हणता येणार नाही तुला." वेळेचा फरक खरंच मोठा होता. जायला तास लागायचा तो आता पंचवीस मिनिटांवर आला. उरलेल्या वेळात कमलबाई टेकडीपलीकडच्या दुसऱ्या वस्तीवरही जाऊ लागल्या. तिथे आजवर काटा कधी गेलाच नव्हता. त्या हिवाळ्यात तिथल्या सात महिन्यांच्या एका मुलीचं वजन भरलं ते जेमतेम चार किलो. कमलबाईंनी तिच्या आईला त्याच दिवशी दवाखान्यात पाठवलं. मुलगी जगली. भागाबाई नावाची तिची आजी पुढे दर दिवाळीला टोपलीभर सीताफळं घेऊन यायची.

८७ च्या मार्चमध्ये यंत्रं सुरळीत चालायला लागली आणि यारोभाऊचं काम संपलं. निघायच्या दिवशी कमलबाईंनी आपल्या जुन्या साड्यांची शिवलेली गोधडी वच्छलाला दिली. वच्छलाने सायकलची किल्ली त्यांच्या मुठीत घालून मूठ बंद केली. "मी जास," ती म्हणाली, "तू ये." जीप वळेपर्यंत सुनंदाबाईसुद्धा फाटकाशी उभ्या होत्या. त्या दिवशी कुणालाच स्वयंपाक करावासा वाटला नाही. सुनंदाबाईंनी कमलबाईंकडे येऊन बसल्या-बसल्या अर्धा कप चहा घेतला.

वर्षं गेली. कमलबाईंनी तालुक्यातल्या सहा अंगणवाडी सेविकांना सायकल शिकवली. १९९३ च्या उन्हाळ्यात एक पाकीट आलं. आत चार पानांचं पत्र, आणि एक फोटो. बर्फाच्या अंगणात वच्छला, यारोभाऊ आणि त्यांच्यामध्ये चार-पाच वर्षांची मुलगी. पत्र चेक भाषेत होतं. शिरपुरात ते वाचणारं कुणी नव्हतं. कमलबाईंनी ते तरीही पानापानाने नीट पाहिलं. मग रविवारी बसून उत्तर लिहिलं, साध्या मराठीत. आपल्या मुलीचं, पावसाचं, लीलाधरच्या बढतीचं, टेकडीपलीकडच्या त्या पोरीचं, जी आता शाळेत सगळ्यात मोठ्याने गाणी म्हणते. शेवटी लिहिलं, 'तुम्ही आलात, हे माझं फार चांगलं झालं.'

पोस्टातल्या कारकुनाने पत्ता वाचला आणि पेन काढलं. "चेकोस्लोव्हाकिया आता राहिला नाही, बाई. त्याचे दोन देश झाले." त्याने एक शब्द खोडून वर दुसरा लिहिला. मग पाकीट उजेडाकडे धरलं. "मराठीत लिहिलंय? त्यांना वाचता येईल का?"

"नाही," कमलबाई म्हणाल्या. "त्यांचंही मला नाही आलं वाचता. तुम्ही तिकीट लावा."